चेहरा ही ठेव आहे

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी छायाचित्रण वर्गाच्या निमित्ताने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विद्यार्थ्यांसाठी छायाचित्रणाचे वर्ग चालविण्याचे ठरले, तेव्हा समाजातील काही ज्येष्ठांनी एक प्रश्न विचारला. पाठशाळा समजते, वाचनालय समजते, शिष्यवृत्ती समजते. धार्मिक न्यासाने कॅमेरा कशासाठी हाती घ्यावा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर देणे हे माझे कर्तव्य आहे. आज प्रत्येक घरात मोबाइलच्या रूपाने कॅमेरा येऊन बसला आहे. मुलांच्या हाती तो आपण देणार की नाही, हा प्रश्न आपल्यापुरता केव्हाच निकालात निघाला. त्या मुलांना तो कसा धरावा हे कोणी सांगणार आहे की नाही, एवढेच आता आपल्या हाती उरले आहे.

छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमाचे साधारणपणे तीन भाग पाडले जातात. पहिला चौकटीच्या रचनेचा, दुसरा व्यक्तिचित्रणाचा आणि तिसरा संगणकावर छायाचित्रात करावयाच्या फेरफारांचा. नीतीचा विषय या तिसऱ्या भागाच्या शेवटी, वेळ उरलाच तर, अर्ध्या तासात आटोपला जातो. हा क्रम मला मान्य नाही. मुलाने पहिल्यांदा चौकट लावली आणि एखादी वस्तू तिच्या आत घेऊन दुसरी बाहेर ठेवली, त्याच क्षणी नीतीचा प्रश्न सुरू झालेला असतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये डागेर यांच्या शोधाची घोषणा झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गाचे विद्यार्थी. पुढे ते मुंबईतील आरंभीच्या व्यावसायिक भारतीय छायाचित्रकारांत गणले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच काळातील नामांकित छायाचित्रकार. म्हणजे मराठी मुलखात ही विद्या शिकविण्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली.

फेरफारही तितकाच जुना आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि त्यांच्या पाठीमागचे दृश्य दुसऱ्याच छायाचित्रातून आणून जोडलेले आहे. पाहणाऱ्याला वाटावे, की ही मंडळी त्या देवळापुढे किंवा त्या रस्त्यावर उभी होती. ती तेथे नव्हती. आणि हे पुस्तक कलाकृती म्हणून नव्हे, तर मुंबईच्या रहिवाशांचा दाखला म्हणून लोकांपुढे आले. तेव्हा संगणकाने ही खोड लावली असे म्हणणाऱ्यांनी जरा मागे वळून पाहावे. संगणकाने फक्त कात्री आणि डिंक यांची गरज संपवली.

आपल्या समाजाला आणि आपल्या मराठवाड्याला अधिक जवळचे नाव राजा दीनदयाळ यांचे. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले, तेथे छायाचित्रणाचा छंद जडला, आणि अखेर हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. ‘राजा’ ही पदवी त्यांना निजामांकडून मिळाली. आपला हिंगोलीचा परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. २००६ साली भारतीय टपाल खात्याने दीनदयाळ यांचे तिकीट काढले. त्यांच्या स्टुडिओतील अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने जतन केल्या आहेत.

दीनदयाळ यांच्या कामातील दोन गोष्टी मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ उघडला आणि त्याची सूत्रे एका इंग्रज बाईंकडे सोपविली. पडदानशीन घरातील स्त्रीला आपला चेहरा टिपून घ्यावासा वाटतो, पण तो कोणी पाहावा याची मर्यादाही तिला हवी असते, ही गोष्ट त्यांनी ओळखली. दुसरी गोष्ट तितकी सुखावह नाही. १९०० च्या आसपासच्या दुष्काळात निजाम सरकारने औरंगाबाद भागात मदतकार्य केले, त्याची छायाचित्रेही त्यांच्या स्टुडिओने घेतली. ती सरकारच्या सत्कार्याची नोंद होती. त्यांतील हाडकुळ्या माणसांना आपण कशासाठी उभे केले जात आहोत हे कोणी सांगितले असेल का, असा प्रश्न मी वर्गात विचारतो आणि उत्तर मुलांवर सोपवतो. हाच प्रश्न पुढे आपल्या दारीही येणार आहे.

येथे एक अवांतर गोष्ट, कारण ती जैन श्रोत्यांखेरीज कोणाला सुचायची नाही. दीनदयाळ यांच्या काळातील पुष्कळ छायाचित्रे अल्ब्युमेन कागदावर छापली जात. अल्ब्युमेन म्हणजे अंड्याचा पांढरा बलक. पुढे आलेल्या फिल्मवरचा आणि कागदावरचा थर जिलेटिनचा, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढतात. जैन घरांच्या भिंतींवर टांगलेल्या पूर्वजांच्या तसबिरी अशा रीतीने बनल्या आहेत. मी हे कोणाच्या भावना दुखावण्यासाठी सांगत नाही. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्म उरली नाही, ही आपल्या दृष्टीने त्याची मोठी सोय आहे आणि तिचा उल्लेख कोणी करीत नाही, एवढेच. मात्र चातुर्मासात रात्रीच्या कार्यक्रमाला छायाचित्रासाठी मोठमोठे हॅलोजन लावून त्यांवर पाखरांचे ढीग पाडणे आजही चालू आहे. तो कार्यक्रम सूर्यास्तापूर्वी ठेवावा. प्रकाशही त्या वेळी अधिक चांगला असतो.

आता रचनेकडे येतो. पहिल्या आठवड्यात मी मुलांना कॅमेरा देत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात आयताकृती खिडकी कापावयाची आणि तिच्यातून जग पाहावयाचे. खिडकी डोळ्याजवळ धरली की पुष्कळ मावते, हात लांब केला की थोडेच उरते. चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग कल्पून मुख्य विषय त्या रेषांच्या छेदावर ठेवावा, हा तृतीयांशाचा नियम मुले एका दिवसात शिकतात. तो मोडावा केव्हा, हे कळण्यास वर्ष लागते. जिनप्रतिमा पद्मासनात समोरासमोर विराजमान असते आणि तिची डावी व उजवी बाजू तोलून घडविलेली असते. तिला तृतीयांशावर ढकलणारा छायाचित्रकार नियम पाळतो, पण मूर्तिकाराचे म्हणणे पुसून टाकतो. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाल तेव्हा आधी व्यवस्थापनाची अनुमती विचारा, गर्भगृहात फ्लॅश वापरू नका, आणि प्रथम हात जोडून पाहून घ्या. औंढा नागनाथच्या मंदिराच्या बाहेरील भिंतींवर मुले मी सकाळी नेतो. तिरपे ऊन दगडाला घासून जाते तेव्हा शिल्पाचा प्रत्येक उठाव सावलीने उभा राहतो. बारा वाजता तीच भिंत सपाट दिसते. भिंत बदललेली नसते.

याच ठिकाणी अनेकांताचा धडा आपोआप येतो. रथयात्रेची दोन छायाचित्रे घ्या. एका मुलाने रथाजवळ बसून, खालून वर, गर्दीने भरलेली चौकट घेतली. दुसऱ्याने गच्चीवरून घेतली; तिच्यात रथामागची रिकामी सडकही आली. दोन्ही छायाचित्रे खरी आहेत. दोन्ही म्हणजे एकेक नय, एकेका ठिकाणाहून घडलेले दर्शन. ‘या ठिकाणाहून असे दिसले’ एवढेच छायाचित्र म्हणते, तोवर ते नय आहे. ‘यात्रा अशीच होती, दुसरे काही नव्हते’ असे त्याच्याकडून वदवून घेतले, की आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत तो दुर्नय झाला. हे वदवून घेण्याचे काम बहुधा छायाचित्राखालच्या ओळी करतात. ‘हजारोंच्या उपस्थितीत’ हे शब्द कॅमेऱ्याने लिहिलेले नसतात.

काही व्यावहारिक बाबीही सांगतो, कारण आपल्या कार्यक्रमांच्या छायाचित्रांत त्या नेहमी बिघडतात. आर्यिका माताजींची पांढरी साडी किंवा पूजेची शुभ्र वस्त्रे चौकटीत अधिक असली, की कॅमेऱ्याची स्वयंचलित व्यवस्था फसते. पांढऱ्याला ती करड्याकडे ओढते आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी प्रकाशाचे मान एका टप्प्याने वाढवून घ्यावे. दुसरे, आपले मंडप. लाल आणि हिरव्या कापडातून झिरपलेला प्रकाश चेहऱ्यावर पडला, की कोणी तापाने फणफणलेला दिसतो तर कोणी काविळीचा. ते नंतर संगणकावर सुधारत बसण्यापेक्षा मांडववाल्याला व्यासपीठावर पांढरे कापड लावण्यास सांगणे स्वस्त पडते. तिसरे, मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ नेला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन पावले मागे सरा.

व्यक्तिचित्रणाचा पहिला पाठ मी घरातील ज्येष्ठांवर देतो. आजी किंवा आजोबांना दाराजवळ, बाहेरून येणाऱ्या मऊ उजेडात बसवावे आणि अर्धा तास कॅमेरा न काढता नुसते बोलावे. हात पाहावेत. आयुष्यभर धान्य निवडलेल्या, कापडाचे गज मोजलेल्या, जपमाळ ओढलेल्या हातांना स्वतःची एक बसण्याची रीत असते. ‘हात असे ठेवा’ म्हटले की ती नाहीशी होते. मग विचारावे, ‘काढू का?’ आजी ‘नको’ म्हणाली तर कॅमेरा पिशवीत. ही गोष्ट मुलांना अवघड जाते. घरच्या माणसाला नकाराचा अधिकार आहे हे त्यांना पटत नाही. तो पटला, की बाहेरच्या माणसाचा अधिकार त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

या टप्प्यावर मी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाकडे वळतो. उमास्वामींनी तेथे सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते मुखोद्गत केले. त्यांतील कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख तयार करणे. बनावट छायाचित्राला हे नाव तंतोतंत लागू पडते. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतातील गोष्ट चव्हाट्यावर आणणे. त्यावरही अधिक भाष्य नको. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो न्यासापहार. न्यास म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. टीकाकारांनी त्याचा अर्थ फार सूक्ष्मतेने उलगडला आहे. समजा, एका माणसाने सावकाराकडे सोने ठेवले. किती ठेवले याचा त्याला विसर पडला आणि परत घेताना त्याने कमीच मागितले. सावकार म्हणाला, ‘हो, तेवढेच होते.’ त्याने चोरी केली नाही, हिसकावून घेतले नाही. समोरच्याच्या अजाणपणाला त्याने फक्त होकार दिला. शास्त्राने तो असत्याचा दोष मानला.

चेहरा ही अशीच ठेव आहे. छायाचित्रासाठी समोर बसणारा माणूस आपल्याकडे काहीतरी सोपवितो, आणि बहुतेकदा आपण काय सोपविले याची त्याला कल्पना नसते. खेड्यातली म्हातारी ‘काढ बाबा’ म्हणते, तेव्हा तिच्या मनात एक कागदी फोटो असतो, जो कोणीतरी तिला आणून देईल. आपले छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या पन्नास समूहांत फिरेल किंवा चौकातल्या फलकावर लागेल, हे तिने सोपविलेले नाही. ‘तिने हो म्हटले होते’ असे म्हणून आपण ते वापरले, तर त्या सावकारात आणि आपल्यात फरक काय? म्हणून कोठे, कशासाठी आणि किती जणांना दिसणार हे सांगून घेतलेली अनुमती तीच खरी, असे मी विद्यार्थ्यांना शिकवितो.

या कसोटीवर आपल्या समाजातील तीन रूढ गोष्टी पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे. मी स्पष्ट बोलणार आहे; राग मानू नये.

पहिली, परिचय पुस्तिका. विवाहेच्छुक युवक-युवतींच्या छायाचित्रांत, विशेषतः युवतींच्या, चेहऱ्याचा वर्ण उजळला जातो. स्टुडिओवाला म्हणतो, घरच्यांची मागणी असते. घरचे म्हणतात, सगळेच करतात. परिणाम एका मुलीला भोगावा लागतो. पहिल्या भेटीत समोरच्यांच्या चेहऱ्यावर जी क्षणभराची छटा उमटते, ती पाहण्याची वेळ तिच्यावर येते. जो चेहरा तिने आपल्या स्वाधीन केला, तो आपण तिला कमी करून परत केला. चेहऱ्यावरील तात्पुरती पुटकुळी काढण्यास माझी हरकत नाही, ती आठ दिवसांत गेलीच असती. तीळ, व्रण आणि वर्ण यांना हात लावू नये. परिचय पुस्तिकेचे संपादक हा नियम एका बैठकीत करू शकतात.

दुसरी, दानाची छायाचित्रे. वह्यावाटप, ब्लँकेटवाटप, फळवाटप. दहा देणारे हात, मध्ये एक घेणारा, आणि सगळे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. आपल्याकडे गुप्तदानाची परंपरा मोठी आहे. तरीही संस्थेला हिशेब द्यावा लागतो, दात्यांचा विश्वास टिकवावा लागतो, हे मी जाणतो. मग वह्यांचे गठ्ठे टिपा, वाचनालयात वाचत बसलेली मुले पाठमोरी टिपा, दात्यांचे स्वतंत्र छायाचित्र घ्या. ज्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळाली, तो वीस वर्षांनी डॉक्टर होईल. त्याच्या मुलाने तेव्हा जुन्या स्मरणिकेत वडिलांचा पसरलेला हात पाहावा, असे आपल्याला वाटते काय? दुष्काळातील त्या माणसांना विचारावयाचे राहिले, तेच आपण विचारू शकतो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, पण विद्यार्थी ती हमखास विचारतात. दिगंबर मुनिराजांचे छायाचित्र कसे घ्यावे? काही जण छायाचित्र घेतात आणि नंतर संगणकावर एखादा भाग अस्पष्ट करतात. मला ते योग्य वाटत नाही. मुनींची नग्नता हे अपरिग्रहाचे पूर्णत्व आहे. तिच्यावर धूसर ठिपका ठेवला, की येथे काही लाजिरवाणे होते असे आपणच जगाला सांगतो. दुसरीकडे, मुनींची छायाचित्रे टवाळीसाठी वापरणारे लोक आहेत, हेही नाकारता येत नाही. यावरचा मार्ग रचनेत आहे. प्रवचनाच्या वेळी बसलेली मुद्रा, वाचनात झुकलेला चेहरा, पिच्छी-कमंडलू घेतलेला हात, विहारात दूरवरून दिसणारी आकृती. उभे राहण्याची जागा आणि क्षण आधी निवडला, तर नंतर काही झाकावे लागत नाही. आहाराच्या वेळी कॅमेरा काढूच नये. सल्लेखना घेतलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर मी विद्यार्थ्यांना सरळ मनाई करतो. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा देशभर या विषयाची चर्चा झाली. त्या व्रताची बाजू मांडण्यासाठीसुद्धा एखाद्या क्षीण देहाचे छायाचित्र पसरविण्याचा अधिकार आपल्याला नाही. व्रत घेणाऱ्याने जगाकडे पाठ फिरविलेली असते. आपण जगाला त्याच्या उशाशी आणून बसवावयाचे हे कोठले?

आता संगणकावरील फेरफार. येथे माझ्या मदतीला हळद येते. आपल्या जिल्ह्यात हळद हा रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. वसमत हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. निळ्या ताडपत्रीखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये हळदीचे छायाचित्र घेतले की रंग मळकट येतो, कारण कॅमेरा भोवतालच्या प्रकाशाने चकतो. त्याच प्रकाशात पांढरा कागद ठेवून त्याच्या आधारे रंग दुरुस्त केला, तर हळद डोळ्याला दिसली तशी येते. ही दुरुस्ती योग्य आहे. किंबहुना ती न करणेच चुकीचे. पण हाताशी ती पट्टी आहेच, म्हणून पिवळेपणा आणखी दोन घरे पुढे सरकवला आणि तो नमुना व्यापाऱ्याला मोबाइलवर पाठविला, तर? वर्गातील व्यापारी घरची मुले लगेच हसतात. त्यांना उत्तर ठाऊक असते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार सांगितला आहे: हलका माल चांगल्यासारखा दाखवून विकणे. हळदीत रंग मिसळणे आणि हळदीच्या छायाचित्रात रंग मिसळणे यांत घेणाऱ्याची फसवणूक सारखीच होते. एकदा हे कळले, की पुढचे सोपे होते. मुलाने स्वतःला विचारावे, हे छायाचित्र पाहून कोणी काही निर्णय घेणार आहे का, कशावर विश्वास ठेवणार आहे का?

म्हणून साधनाला नावे ठेवू नयेत. समवसरणाचे काल्पनिक चित्र संगणकावर रंगविले, तर ते चित्रच आहे. त्याला कोणी पुरावा मानीत नाही. जुन्या छायाचित्रावरची बुरशी, चिरा, पडलेले डाग काढणे ही सेवा आहे, मात्र मूळ प्रत जशीच्या तशी स्वतंत्र जपली पाहिजे. काठाची अनावश्यक जागा कापणेही चालते. पण कापलेल्या जागेत माणूस उभा असेल तर थांबून विचार करावा. प्रसंगाच्या छायाचित्रात माणूस घालणे, माणूस काढणे, गर्दी वाढविणे हे कोणत्याही कारणाने करू नये. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ या जगप्रसिद्ध मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठासाठी इजिप्तचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले, कारण आडवे छायाचित्र उभ्या पानावर बसेना. कारण किरकोळ होते. तरी त्या एका पानाचा डाग त्या मासिकाला पुढे कित्येक वर्षे पुसावा लागला.

अलीकडे याहून पुढची गोष्ट आली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने एका लहानशा छायाचित्रावरून माणसाची संपूर्ण आकृती, हवी त्या वेशात, हवी त्या ठिकाणी तयार होते. हे ऐकले की मला श्वेतांबर आगमांतील ज्ञाताधर्मकथेमधील एक कथा आठवते. मल्ली भगवंतांविषयी दिगंबर आणि श्वेतांबर परंपरांत जो भेद आहे तो विद्वानांचा विषय. मी कथा केवळ चित्रकारासाठी सांगतो. मिथिलेच्या राजपुत्राने चित्रशाळा सजविण्यास चित्रकार बोलाविले. त्यांतील एकाला अशी सिद्धी होती, की शरीराचा एखादाच अवयव पाहून तो पूर्ण आकृती हुबेहूब काढी. पडद्याआडून त्याला राजकन्या मल्लीच्या पायाचा अंगठा दिसला आणि तेवढ्यावरून त्याने तिचे पूर्ण चित्र भिंतीवर उतरविले. राजपुत्र चित्रशाळेत आला, साक्षात थोरली बहीण समोर उभी आहे असे वाटून लज्जित झाला आणि मागे फिरला. ते चित्र आहे हे कळल्यावर त्याने चित्रकाराला मृत्युदंड फर्मावला. इतर चित्रकारांनी विनविल्यावर त्याचा हात निकामी करून त्याला हद्दपार केले. शिक्षा क्रूर होती आणि तिचे समर्थन मी करीत नाही. पण चित्रात चूक कोठेच नव्हती, हे लक्षात घ्या. ते हुबेहूब होते. जे तिने दाखविले नव्हते ते त्याने काढले, हा त्याचा अपराध. शिवाय ती कथा तेथे संपत नाही. तोच चित्रकार हस्तिनापूरला गेला, त्याने तेथील राजाला मल्लीचे रूप चित्रातून दाखविले आणि तो राजा तिच्या अभिलाषेने पेटला. एकदा हातून निघालेले चित्र कोठे जाईल हे चित्रकाराच्याही हाती राहत नाही. आज एखाद्या मुलीच्या खात्यावरील साध्या छायाचित्रावरून कोणी तिचे नको ते चित्र बनवितो, तेव्हा हाच अंगठा पुन्हा दिसलेला असतो. आपल्या मुलांना हे कोणत्याही कायद्याच्या कलमापेक्षा या कथेतून लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी आपल्याच स्मरणिकेविषयी. एका संस्थेच्या स्मरणिकेत मी एक समूहचित्र पाहिले आहे. पायाभरणीच्या प्रसंगी जे हजर नव्हते, अशा एका दिवंगत सज्जनांना त्यात मागाहून उभे केले होते. हेतू आदराचा होता. पण त्यांच्या सावलीची दिशा इतरांच्या उलट होती, आणि लोक श्रद्धांजली वाहण्याऐवजी सावलीची चर्चा करू लागले. त्यांचे स्वतंत्र छायाचित्र शेजारच्या पानावर छापले असते, तर तोच आदर अधिक शोभला असता. आपल्या स्मरणिकेत ज्या जुन्या छायाचित्रांची डागडुजी केली आहे, त्यांच्याखाली ‘दुरुस्त प्रत’ असे दोन शब्द छापावेत, अशी सूचना मी संपादक मंडळाला करतो. ज्या चित्रातील प्रसंगाची तारीख निश्चित नाही, तेथे अंदाजाने वर्ष घालू नये.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक काम. संस्थेच्या पन्नास वर्षांतील छायाचित्रे अनेक घरांत, ट्रंकांत, पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत. त्यांतील पुष्कळ चेहऱ्यांची नावे आता दोन-चार वृद्धांनाच माहीत आहेत. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गल्लीतील एका ज्येष्ठाकडे जावे, छायाचित्र समोर ठेवावे आणि डावीकडून उजवीकडे नावे विचारून घ्यावीत. ज्यांचे नाव सांगता येणार नाही त्यांच्या जागी ‘अज्ञात’ असेच लिहावे. चित्राच्या पाठीमागे बॉलपेनने लिहू नये, कागदावर दाब उमटून चेहरा बिघडतो. मऊ पेन्सिलीने, काठाशी, हलक्या हाताने लिहावे. चित्र घरातून आणावयाचे असेल तर नोंदवहीत सही करून आणावे आणि प्रत काढून त्याच आठवड्यात मालकाला परत करावे. नोंदवही मी आज सोबत आणली आहे. ती व्यासपीठाजवळ ठेवतो.

जय जिनेंद्र.